डोंगराच्या मागच्या बाजूने

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

आज नेत्रा डोंगरावर एकशे बारा पावलं स्वतःच्या पायांनी चालली. मी मोजली. एकशे तेराव्याला खाली बसली आणि हात वर करून म्हणाली, "कडेवल."

"नाही," मी म्हणाले. "हवं तितकं बस. कडेवर नाही."

रडली. शेळ्या घेऊन चाललेला एक माणूस थांबून बघायला लागला. बघू दे. चार मिनिटांनी तिला कुड्याची शेंग सापडली, ती घेऊन आपणहून उठली आणि आणखी तीस पावलं गेली. मग मात्र मीच थांबवलं. पहिल्या दिवसाला पुरे.

माझी नात सव्वादोन वर्षांची आहे. घरात पाच मोठी माणसं, म्हणजे दहा हात. हे, मी, माझी नणंद पुतळाताई, मुलगा भाविक आणि सून मेघाली. या दहा हातांमुळे पोरीचे पाय जमिनीला लागत नाहीत. बाहेर सोडावं तर कुठे? कोन गावातल्या आमच्या अंगणाला आता यार्ड म्हणतात. भाताची खाचरं होती तिथे गोडाऊन आहेत आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की कंटेनर. मूल खिडकीत उभं राहून ट्रेलर मोजतं.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्याआधी कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सहलींना साडी खोचून डोंगर चढले. मग लग्न झालं आणि चाळीस वर्षं मी डोंगर एसटीतून पाहिले. कोणी अडवलं नाही. कोणी विचारलंही नाही. पण नेत्राच्या बाबतीत मी ते चालू देणार नाही. दर रविवारी डोंगर, असं घरात सांगून टाकलं.

हे म्हणाले, "अगो, गाडी हाय, एसी हाय. मॉलला ने तिला. डोंगरान काय हाय?"

"डोंगर आहे," मी म्हणाले.

आम्ही जातो तो डोंगर दिघाशीच्या पाठीमागचा. दिघाशी हे मेघालीचं माहेर, त्यामुळे गावातून जायचा प्रश्नच नाही. व्याह्यांच्या दारावरून न कळवता जायचं, तेही रिकाम्या हाताने आणि पायात भाविकचे जुने बूट घालून, हे बरं दिसत नाही. कळवावं तर ते कोंबडी कापतील आणि चालणं राहील बाजूला. म्हणून फोनवरच्या नकाशात बघून मी मागच्या बाजूची वाट शोधली. भाविक पायथ्याशी गाडी लावून झोपतो.

निघताना मेघालीला विचारलं, "नेऊ ना पोरीला?" "न्या," म्हणाली. गाडी वळेपर्यंत फाटकात उभी होती. काळजी, दुसरं काय. आजकालच्या आया.

रविवार, २४ नोव्हेंबर

दोनशे सत्तर पावलं. एकदाच रडणं.

मेघालीने दोन डबे दिले. एकात नेत्राची उकडलेली अंडी, सोलून. दुसऱ्यात मोठ्या माणसाला पुरेल एवढी भाकरी आणि सुका जवळा. मी म्हटलं, मी बाहेर खात नाही, तुला माहीत आहे. "असू दे," म्हणाली. शेवटी भाविकने खाल्ला.

घरी आल्यावर दिसलं की ओट्यावर तिचे कॅनव्हासचे बूट धुऊन वाळत घातले आहेत. कुठे जायचंय हिला, देव जाणे.

मंगळवार, ३ डिसेंबर

रविवार बुडाला. नेत्राला शनिवारी ताप होता. सर्दीचा ताप. पण पुतळाताईंनी त्याला "डोंगराचा ताप" असं नाव दिलं आणि सगळ्या गल्लीत सांगितलं.

"वयनी, आपल्यान पोरी खाडीवरच्या खारीन जात, शेतान जात. डोंगरान लाकूडवाल्या जात."

"मग आता आम्ही जातो," मी म्हणाले.

रविवार, ८ डिसेंबर

वाघोबापर्यंत पोचलो. उंच कड्याखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, त्याला वाघोबा म्हणतात. तिथपर्यंत नेत्रा निम्मं अंतर चालली असेल. उरलेलं मी तिला पाठीला बांधून नेलं. हे माझ्या नियमात बसत नाही, पण लिहायला हवं.

तिने ऐनाच्या खोडाला हात लावला. साल मगरीच्या पाठीसारखी असते. "काटू" म्हणाली. कासवाचं चित्र तिच्या पुस्तकात आहे, तिला तेच वाटलं. साठीनंतर इतकी हसले असेन असं आठवत नाही.

कड्याच्या वर आग्या माश्यांची पोळी लटकलेली आहेत. पाच मोजली. एकेक सुपाएवढं. इतक्या जवळून मी प्रथमच पाहिली. बराच वेळ बघत उभी राहिले.

रविवार, १५ डिसेंबर

पुन्हा वाघोबा. आज पाठीवर फक्त शेवटची चढण. शेळ्यावाला भेटला. त्याचं नाव दामू. म्हणाला, "रोज येता का? या बाजूनी कोन येत न्हाय."

"म्हणूनच येतो," मी म्हणाले. चांगलं उत्तर दिलं असं तेव्हा वाटलं.

शुक्रवार, २० डिसेंबर

पुतळाताईंना आता डोंगरावर यायचं आहे. का, तर देवाच्या दारातून दर आठवड्याला वंशाचं लेकरू जातं आणि नारळ नाही, धूप नाही. हे म्हणाले, "ने तिला पन. निदान देवाचा तरी व्हईल." म्हणजे आमचं चालणं पुतळाताईंच्या नारळाने पवित्र होणार. मला ते पटलं नाही. पण त्या येतील तर गल्लीतली बडबड बंद होईल, असाही हिशेब मी केला. खरं तेच लिहिते.

दुपारी मेघाली काहीतरी सांगायला आली होती. "आई, रविवारी तुम्ही वाघोबाला..." एवढं म्हणाली. मी तिला आधी तांदळाचं पीठ संपलंय का ते बघायला सांगितलं. मग राहूनच गेलं.

रविवार, २२ डिसेंबर

उजवा हात सुजला आहे. उद्या लिहीन. नेत्रा बरी आहे. बरी आहे.

सोमवार, २३ डिसेंबर

क्रमाने लिहिते.

साडेआठला वाघोबाशी पोचलो. पुतळाताई दमल्या होत्या, पण त्यांनी नारळ फोडला, उदबत्त्या लावल्या. मग पिशवीतून राखेने झाकलेल्या निखाऱ्यांचं धूपपात्र काढलं. गाडीतून येताना मांडीवर धरून आणलं होतं. त्यांनी त्यावर मूठभर धूप टाकला आणि धुराचा लोट कड्याला घासत वर गेला.

मी वर पाहिलं. पोळी मला माहीत होती. दोन आठवड्यांपूर्वी मीच मोजली होती. धुराने माश्या उठतात हे मी सातवीच्या वर्गाला शिकवलेलं आहे. देवापुढे नणंदेशी वाद नको म्हणून मी अर्धं मिनिट गप्प राहिले. तेवढं पुरलं.

आवाज आधी आला. शिवणयंत्राच्या कारखान्याचं दार उघडावं तसा. मी नेत्राला खाली पाडलं, ओढणी तिच्यावर टाकली आणि वर पालथी झाले. पुतळाताई ओरडत पळाल्या. दामूचा आवाज आला, "हलू नको बाय! अजिबात हलू नको!" मग अंगावर त्याची घोंगडी पडली. खाली नेत्रा "आजी, आजी" म्हणत होती आणि मी सारखं "गप, गप" म्हणत होते. तिला की स्वतःला, कोण जाणे.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मला अकरा डंख, पुतळाताईंना चार, नेत्राला दोन, कानाखाली आणि मनगटावर.

दामूने आम्हाला दुसऱ्या वाटेने उतरवलं. उताराची, सावलीची वाट. दहा मिनिटांत दिघाशीची घरं दिसायला लागली.

"हितं धूप लावता? तुमाला कोनी सांगतला न्हाय?"

"कोण सांगणार?"

त्याने माझ्या खांद्यावरच्या नेत्राकडे पाहिलं. "ही आपल्या मेघालीची पोर ना? डोले तेच हायेत. मेघालीला सगला म्हायती हाय. या डोंगरानच वाढले ती. हिवाल्यान आमी वाघोबाला काडी पन वढत न्हाय."

भाविकला फोन करून गाडी गावाच्या बाजूला बोलावली. दवाखान्यात तिघींना सुई दिली आणि दोन तास बसवून ठेवलं. घरी आल्यावर मेघालीने नेत्राला घेतलं, उजेडात नेलं आणि कार्डाच्या कडेने कानाखालची जागा हलकेच खरवडली. डॉक्टरच्या नजरेतून सुटलेला एक काटा निघाला. चिमटीने ओढत नाहीत, विष आत जातं, असं म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि माझी मान पाहिली. तिथे तीन निघाले.

मी विचारलं, "तू सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही पीठ बघायला सांगितलंत."

आवाज चढवून बोलली नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

गुरुवार, २६ डिसेंबर

यांनी निकाल दिला. डोंगर बंद. पोर सहा वर्षांची होईपर्यंत बंद.

"सहा वर्षांनी तिला चाल म्हटलं तर ती रिक्षा बोलावेल," मी म्हणाले.

"बोलवूंदे. पैशे हायेत."

पुतळाताई चेहऱ्याला हळद लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "देव कोपला. हिच्याच म्हायेरचा देव. लेक कधी पाया पडाया गेली न्हाय, मग कोपनारच."

मेघाली ताटं वाढत होती. तिने वर पाहिलं नाही.

"देव कोपला नाही," मी म्हणाले. "धुराने माश्या उठल्या. धूर तुम्ही केलात आणि मी करू दिला. मेघालीचं नाव यात आणू नका."

भाविक चोरून बायकोकडे बघत होता. मला वाटलं होतं मेघाली नंतर येऊन काही म्हणेल. नाही आली.

रविवार, ५ जानेवारी २०२५

नेत्रा खिडकीतल्या माशीला भिते. साध्या घरमाशीला. "माशी, माशी" करून कडेवर चढते आणि उतरत नाही. आज दिवसभर तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. पुतळाताईंची कड, मग यांची, मग टीव्हीसमोरचा सोफा. घरातले सगळे समाधानी आहेत. हट्ट गेला, मूल शांत झालं म्हणतात.

मला हे शांत होणं ओळखू येतं. असंच चाळीस वर्षं टिकतं.

तरीही आज मी बूट घातले नाहीत. यांनी बंद केलं म्हणून नाही, यांचं मी कधी ऐकलं? कानाजवळ काही गुणगुणलं की माझाच हात डोक्यावर जातो. परवा मिक्सर लागला तेव्हा मी भिंतीला टेकले. वर्गात मुलांना भित्री म्हणणारी बाई मी.

रविवार, १२ जानेवारी

सकाळी मेघालीला म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू. ऊन वाढायच्या आत नेता येईल तिला."

"तुम्ही मागच्या रविवारीही बघू म्हणालात," ती म्हणाली.

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

तिने माझी कपबशी उचलली. मग म्हणाली, "काही नाही, आई."

या मुलीच्या मनात काय असतं ते मला चार वर्षांत कळलेलं नाही. शाळेत अशी मुलं असायची. उत्तर येत असूनही हात वर न करणारी. मी त्यांना मुद्दाम उभं करायचे.

रविवार, १९ जानेवारी

साडेसहाला उठून पाहिलं तर मेघालीचं अंथरूण घडी घातलेलं आणि पाळणा रिकामा. स्वयंपाकघरात भाकऱ्या करून झाकून ठेवलेल्या. सगळ्यांच्या.

यांनी सगळं घर डोक्यावर घेतलं. "गेली कुठं? पोरीला घेऊन गेली कुठं?"

पुतळाताई म्हणाल्या, "म्हायेरला. रुसून गेली. मी सांगतलवता, डोंगराकरची पोर आनू नका."

भाविक दारात दात घासत उभा होता. अंघोळ झालेली, शर्ट इस्त्रीचा. रविवारी सकाळी.

"जा, गाडी काढ," हे त्याला म्हणाले. "घेऊन ये दोघींना."

"टायरमध्ये हवा कमी आहे, पप्पा. बघायला लागेल."

मी अंगणात गेले आणि जाता जाता त्याच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. आत आले आणि खुर्ची घेऊन ओट्यावर बसले.

"कमळ, फोन लाव तिला," हे मला म्हणाले.

"नाही लावणार."

"काय?"

"डोंगरावर गेली आहे. दुपारपर्यंत येईल. फोन लावायचा असेल तर तुम्ही लावा."

यांनी लावला. रेंज नव्हती. पुन्हा लावला. मग चकरा सुरू झाल्या, फाटक ते ओटा, ओटा ते फाटक. सात वाजता, आठ वाजता, नऊ वाजता. मधूनच म्हणत, "माश्या आल्या तर?" ओरडल्यासारखं सुरू करत आणि शेवटी आवाज बारीक होई. मला ते कळत होतं. माझ्याही मानेवरचे डाग खाजत होते. दहाला पुतळाताईंनी देवापुढे दिवा लावला. मी म्हटलं, धूप नको. त्यांनी धूप लावला नाही.

खरं लिहायचं तर मला रागही आला होता. मला उठवायला काय झालं होतं? पाच रविवार मी नेलं पोरीला. वाट मी शोधली, पावलं मी मोजली, डंख मी खाल्ले. चार शब्द सांगून गेली असती. पण तो राग या दोघांसमोर दाखवायचा नाही एवढं मी ठरवलं होतं. ओट्यावरून हलले नाही. चहा तिथेच घेतला.

साडेअकराला फाटकासमोर रिक्षा थांबली.

नेत्रा स्वतः उतरली. चपलेत माती, गुडघा खरचटलेला, केसात कुसळं, दोन्ही मुठींत बोरं. कंटेनर जाईपर्यंत आईचं बोट धरून थांबली आणि मग यार्ड ओलांडून थेट माझ्याकडे चालत आली. मी मोजलं नाही.

"आजी," ती म्हणाली, "माशीचं घल. मोठ्ठं. माशी झोपली."

मी मेघालीकडे पाहिलं.

"समोरच्या डोंगराच्या धारेवरून दाखवली," ती म्हणाली. "तिथून पोळी लांब दिसतात. आवाजही येत नाही. तासभर बसलो. आधी पदराखाली होती, मग बाहेर आली."

"वरपर्यंत?" मी विचारलं.

"नाही. धारेपर्यंतच. पण आमच्या बाजूची वाट सोपी आहे. शेवटचं थोडं सोडलं तर चाललीच ती."

हे पुढे आले. यांचे डोळे लाल झाले होते. "कुनाला इचारून गेलतीस?"

"कुणालाच नाही, बाबा," मेघाली म्हणाली. "मी तिची आई आहे. डोंगर माझ्या पायाखालचा आहे. तिला घरी भीतीत बसवून ठेवायची की नाही हे मी ठरवलं."

एवढी चार वाक्यं सलग मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकली. पाठ सरळ होती.

यांनी माझ्याकडे पाहिलं. पुतळाताईंनी पाहिलं. चौकटीत भाविक होता, त्यानेही पाहिलं. या घरात सुनेला बोलायचं असेल तर ते मी बोलते, अशी पद्धत आहे.

"ती बरोबर बोलते आहे," मी म्हणाले. "यापुढे नेत्राने डोंगरावर जायचं की नाही हे तिची आई सांगेल. मला विचारायची गरज नाही आणि तुम्हालाही नाही."

"वयनी, तूच हिला डोक्यावर चढवलीस," पुतळाताई म्हणाल्या.

"पाठीवर नेत्राला चढवलं, मग डोकंच तेवढं मोकळं होतं," मी म्हणाले. हे हसले. हसायचं नव्हतं त्यांना, पण हसले आणि मग खोकल्याचं सोंग केलं. नेत्राने त्यांच्या हातात एक बोर ठेवलं. ते तिथेच उभ्या उभ्या खाल्लं, बी सुद्धा थुंकले नाहीत.

दुपारी मी नेत्राचे पाय धुवायला घेतले. मेघाली मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता माफी मागेल. माफीचं उत्तरही मी तयार ठेवलं होतं.

"पुढच्या रविवारी आम्ही वरपर्यंत जाणार," ती म्हणाली. "तुम्हाला यायचं असेल तर पावणेसहाला तयार राहा. आमच्या गावाच्या बाजूने जायचं. माझ्या आईकडे चहा घ्यायचा, आणि तिच्यासाठी काही आणायचं नाही. आणि नेत्राची पावलं मोठ्याने मोजायची नाहीत. ती दमते त्याने."

मोठ्याने मोजते मी? मला माहीत नव्हतं.

मी नेत्राचा दुसरा पाय धुवायला घेतला. अठ्ठावीस वर्षांत मला वेळेवर हजर राहा असं कोणी सांगितलेलं नाही. सांगणारी मी असायचे.

"बघते," मी म्हणाले.

जाणार आहे.